वच्छीच्या वडिलांचा भूगोल

जगातलं प्रत्येक संकट निघतं ते थेट खंडाळ्याच्या दिशेनं, आणि वाटेत कुठंही न रेंगाळता आपल्याच ओसरीवर येऊन बसतं, अशी वच्छीच्या वडिलांची ठाम समजूत होती. आणि तरी सांगते, मला जग त्यांनीच दाखवलं. त्यांच्याइतकं नीट ते पुढे कुणी दाखवलं नाही.

वच्छी माझी लहानपणची मैत्रीण. तिचे वडील, ज्यांना आम्ही दोघीही अण्णा म्हणत असू, मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्याची देखरेख करत आणि बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहत. शेटजींची मंडळी वर्षातून दीड महिना यायची. उरलेले साडेदहा महिने अण्णा त्या रिकाम्या बंगल्याची काळजी करत. कौलं उडतील, वाळवी लागेल, माकडं शिरतील, वीज पडेल. माझे वडील खंडाळा स्टेशनात तारबाबू होते आणि आमचं बिऱ्हाड बंगल्याच्या कुंपणालगत. मुलींना चौथीपुढे शिकायची सोय तेव्हा आमच्या आसपास नव्हती, म्हणून आईनं मला अण्णांकडे धाडलं. वच्छी मात्र शाळेत कधी गेलीच नव्हती. अण्णांनी तिला घातलंच नव्हतं. शाळेत चाळीस मुलं, चाळीस मुलांची चाळीस घरं, आणि कुठल्या घरात कुणाला काय झालंय हे आपल्याला कसं कळणार, असा त्यांचा प्रश्न होता.

यामागचं कारण मला आईनं सांगितलं. वच्छीला एक मोठा भाऊ होता. इंग्रजी शिकायला त्याला पुण्यात काकांकडे ठेवला होता. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली त्या साली तो तिथं तापानं आजारी पडला. तार आली तशी अण्णा निघाले, पण पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. वच्छी त्या वेळी दोन वर्षांची. तेव्हापासून अण्णा पुण्याला गेले नव्हते, गाडीतही बसले नव्हते, आणि मुलाचं नाव त्या घरात कुणी काढत नसे.

शिकवण्यासाठी अण्णांपाशी एकच फाटका नकाशा होता, पण शेटजींच्या कोठीतला टाकाऊ माल त्यांनी जपून ठेवला होता. बसऱ्याच्या खजुराचं खोकं, सिलोनच्या चहाचा डबा, जावाच्या साखरेचं पोतं, जपानी काडेपेट्या, रंगूनच्या तांदळाची रिकामी गोणी. ओसरी म्हणजे हिंदी महासागर. पश्चिमेच्या खांबाशी बसरा, दाराच्या उंबऱ्याजवळ सिलोन, तुळशीच्या बाजूला जावा, आणि पार कोपऱ्यात, जिथं झुरळं असत, तिथं जपान. आम्ही दोघींनी ओसरीवरून चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबून तिथं काय पिकतं ते सांगायचं. पण तेवढ्यानं सुटका नव्हती. अण्णा खांबाला टेकून विचारत, "आणि तिथं जपायचं कशाला?" मग बसऱ्याला उन्हाचा तडाखा, सिलोनला हिवताप, जावाला ज्वालामुखी, जपानला भूकंप. आमच्या भूगोलात राजधान्या कमी आणि अपघात जास्त होते. रात्री अंथरुणात पडल्यावर मला उगाच वाटे, खालची जमीन हलतेय.

मोठे नकाशे ते अंगणात चुन्यानं काढत. एकदा हिंदुस्थानचा नकाशा सकाळभर खपून काढला, आणि शेजारच्या कोंबड्या आसामातून घुसून सिंधपर्यंत चालत गेल्या. मला हसू आलं. अण्णांना आलं नाही. त्यांनी पुन्हा बसून ब्रह्मपुत्रा काढली आणि म्हणाले, "ईशान्येकडच्या खिंडींवर लक्ष ठेवावं लागतं ते याचसाठी."

इतिहासही असाच. दरीपलीकडचा राजमाची दाखवायला त्यांनी आम्हाला कड्यावर नेलं, पण आधी विहिरीच्या दोराचं एकेक टोक आमच्या कमरेला बांधून मधला भाग हिरड्याच्या झाडाला आवळला. मुंबईहून हवा खायला आलेलं एक जोडपं बराच वेळ आमच्याकडे बघत उभं राहिलं. शेवटी त्या गृहस्थांनी, या मुलींना काही होतं का, म्हणून हळूच विचारलं. "काही होऊ नये म्हणूनच," अण्णा म्हणाले आणि आम्हाला किल्ल्याचे दोन बालेकिल्ले मोजायला लावले. मोगलांची फौज कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरली आणि उंबरखिंडीत कोंडली गेली, ती लढाई तर त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितली. महाराजांचा डाव, मावळ्यांचे बाण हे सगळं सांगून झालं की आवाज खाली आणून ते म्हणत, "आणि मुख्य म्हणजे, मोगलांजवळ प्यायला पाणी नव्हतं. घरून निघतानाच ते भरून घ्यायला हवं होतं."

रोज कुरवंड्याहून दूध घालायला येणारी गोदामावशी हा धडा चरवी मांडीशी धरून ऐके. एकदा अण्णा आम्हाला इंद्रायणी शिकवत होते. ती कुरवंड्याला उगवते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि असं हे पाणी शेवटी पार बंगालच्या उपसागरात जातं.

"आमच्या वड्याचं पानी?" गोदामावशीनं विचारलं. "समिंदर तर ह्या अंगाला जवळ हाय की. मग त्ये येवढं लांब कशापायी जातंय?"

"उतार तिकडं आहे, मावशी."

"आन् वाटंत त्येला काय व्हत न्हाई?"

अण्णा नदीचा सगळा मार्ग पुन्हा बोटानं तपासू लागले. ही काळजी त्यांच्या डोक्यात आली नव्हती असं दिसलं.

आम्ही तेरा वर्षांच्या झालो तेव्हा व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बाहेरून बसायचं ठरलं. पास झालं तर पुढे मास्तरीण होता येणार होतं. परीक्षा पुण्यात होती. माझे वडील आम्हा दोघींना घेऊन जाणार, माझ्या मामांकडे उतरायचं, असं सगळं ठरलं होतं. अण्णांनी त्याला हो म्हणायला तीन महिने लावले. आणि परीक्षेच्या चार दिवस आधी स्टेशनातले दुसरे तारबाबू आजारी पडले. माझ्या वडिलांची रजा रद्द झाली.

"मग पुढच्या वर्षी बसतील," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखा भाव होता आणि तो मला फार लागला. मला पुढचं वर्ष नव्हतं. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं होतं.

वच्छी अण्णांना कधीच उलटून बोलत नसे. तिनं फक्त जेवण सोडलं. तिची आई ताट वाढून वाट बघे आणि ताट झाकून ठेवी. दुसऱ्या दिवशी गोदामावशीनं चरवी खाली ठेवली आणि अण्णांसमोर उभी राहिली.

"दादा, पोरीला ताप येऊ न्हाई म्हून तुमी येवढं जपलं. आन् आता ती अन्नावाचून वाळतीया, त्येचं काय? न्या की तिला. तुमी बाप हाय."

अण्णा उठून बंगल्यात गेले. संध्याकाळपर्यंत आतून खिडक्यांच्या कड्या लावल्याचे आणि काढल्याचे आवाज येत होते. बाहेर आल्यावर ते वच्छीच्या आईला म्हणाले, "दोन दिवसांचं पाणी भरून ठेव."

आम्ही स्टेशनावर गेलो ते परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी. पाण्याच्या दोन कळशा, सुंठ, हिवतापावरचं कोयनेल, घोंगडी, छत्र्या. पहिली गाडी आली. डब्यात फार माणसं आहेत, असं म्हणून अण्णांनी ती सोडली. दुपारच्या गाडीत कुणीतरी खोकलं. तीही गेली. आता चारची गाडी उरली होती, आणि ती गेली की परीक्षाही गेली. तारेच्या खिडकीतून माझे वडील बघत होते, पण त्यांना जागा सोडता येत नव्हती. अण्णा फलाटाच्या कडेपासून दहा पावलं मागे उभे होते, आणि कळशीचं झाकण पुन्हा पुन्हा काढून लावत होते. ते मी पाहिलं आणि मला त्यांचा राग करता येईना.

चारची गाडी आली. अण्णा इंजिनाकडे बघत म्हणाले, "याचा आवाज मला बरोबर वाटत नाही."

वच्छीनं माझा हात धरला, मला ओढत डब्यात नेलं आणि खिडकीशी बसली. मग तिथून, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही नका येऊ. तुम्हाला त्रास होतो. मामा उतरवून घेतील आम्हाला."

गार्डाची शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. अण्णा एक कळशी घेऊन धावत आले आणि चढले. दुसरी कळशी, घोंगडी आणि छत्र्या फलाटावरच राहिल्या.

मळवलीपर्यंत ते डोळे मिटून होते. मग उजवीकडे लोहगड आणि विसापूर दिसले तसे त्यांनी डोळे उघडले, आणि थोड्या वेळानं, घसा साफ करून, दोन किल्ल्यांमधली खिंड आम्हाला दाखवली.

परीक्षेचे दोन्ही दिवस ते फाटकाबाहेर उन्हात कळशी घेऊन उभे होते. आत कुणी आजारी आहे का, असं शिपायानं त्यांना दोनदा विचारलं. आत आम्हाला जपानविषयी माहिती लिहायची होती. आम्ही भूकंपाबद्दल दीड दीड पान लिहिलं.

शेवटचा पेपर झाल्यावर अण्णांनी आम्हाला पेठेतल्या एका गल्लीत नेलं. एका दुमजली घरासमोर ते थांबले. आत गेले नाहीत.

"इथं तुझा दादा राहत होता," ते वच्छीला म्हणाले.

वच्छीनं वर पाहिलं. "कुठली खिडकी?"

त्यांनी बोट दाखवलं. "नकाशे फार सुरेख काढायचा. किनारा तर असा काढी, एक खाच सुटायची नाही. तो फाटका नकाशा आहे ना आपल्याकडे, तो त्याचाच." समोरून एक फुलवाली गेली, तिला त्यांनी वाट दिली. "चला," ते म्हणाले, "गाडी चुकेल."

आम्ही दोघी पास झालो. माझं लग्न होऊन मी पुण्यात आले. वच्छी ट्रेनिंग करून मास्तरीण झाली आणि तिला नेमणूक मिळाली ती खानदेशात, पार टोकाला. ती निघाली त्या दिवशी मी माहेरी होते, स्टेशनावर गेले होते. मला वाटलं होतं अण्णा आता तापी नदीच्या पुरापासून सुरुवात करतील. त्यांनी तिचं सामान वर चढवलं, खिडकीची काच वरखाली करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "पत्र टाक."

मागच्या वर्षी मी माझ्या धाकट्या मुलीला घेऊन खंडाळ्याला गेले. ती सात वर्षांची आहे. शेटजींचा बंगला विकला गेलाय, पण नव्या मालकांनी अण्णांना मागच्या खोल्यांत राहू दिलंय. वच्छीची आई आता नाही. अण्णांना नीट दिसत नाही. त्यांनी माझ्या मुलीला समोर बसवलं आणि वाटेत गाडी कुठल्या कुठल्या स्टेशनांवर थांबली ते विचारलं.

ती बोटांवर मोजत सांगू लागली. "चिंचवड, तळेगाव, वडगाव, मळवली, लोणावळा, खंडाळा."

कामशेत राहिलं. मी सांगायला तोंड उघडलं. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "नीट पोचली ना."