उस्ता झनातीची साडेपाचची बंदूक

फळांचा मोठा व्यापारी मुअल्लिम फंगरी दर वर्षी मे महिन्यात उस्ता झनातीच्या बागेत यायचा. फाटकाशी गाडी उभी करायची, आत येऊन चहा प्यायचा, आणि जाता जाता झाडावरचं सगळं फळ झाडावरच विकत घेऊन टाकायचं, अशी त्याची रीत होती. इस्माइलियाच्या निम्म्या आंबेबागा तो अशाच घ्यायचा. झाडाकडे मान वर करून बघायची त्याला गरज वाटत नसे. त्या वर्षी उस्ता झनातीने चहा दिला, बाग दिली नाही.

"दुसरा कोणी भेटला वाटतं, उस्ता?"

"कोणी नाही. माझं फळ मीच उतरवणार, मीच विकणार."

"हे खूळ कुठून आलं?"

"गेल्या वर्षी तुझी माणसं हिंदी आंब्याच्या झाडावर चढली. माझ्या बापाने बांधलेलं कलम. त्याची फांदी मोडून गेली."

"फांदीचं काय एवढं? पुन्हा फुटेल."

"जा, कब्रस्तानात जाऊन माझ्या बापाला सांग तसं."

फंगरीने चहा संपवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर केली. पण त्याची नजर आंब्यांच्या वरून कुंपणापलीकडे गेली. तिथे सुरूची रांग होती आणि तिच्या शेंड्यांवर कावळे बसले होते.

"मला नको देऊस. यांना दे," तो म्हणाला. "जुलै संपेपर्यंत अर्धी बाग चोचींनी फुटलेली असेल. मग स्वतःच्या पायांनी माझ्या वखारीत येशील."

"येणार नाही."

उस्ता झनाती 'नाही' म्हणाला की विषय मिटतो, हे कालव्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची उभी हयात फेरीबोटीच्या इंजिनावर गेली होती, 'उस्ता' म्हणजे मिस्त्री ही पदवी तिथलीच. एकदा इंजिनात खडखड ऐकू येते म्हणून त्याने बोट सोडायला नकार दिला. साहेबाने हुकूम दिला, तेव्हा याने एक सुटा भाग काढला, खिशात घातला आणि घरी जाऊन जेवला. बोट दिवसभर काठाला होती, तिच्यावर मेंढरं होती, एक नवरीसुद्धा होती. इंजिनात खरोखर दोष होता की नव्हता, याबद्दल आजही दोन मतं आहेत. उस्ताचं मत एकच आहे.

कावळ्यांविषयी मात्र फंगरीचं म्हणणं खोटं नव्हतं. इस्माइलियात या राखाडी मानेच्या कावळ्याला 'हिंदी' म्हणतात. बागेतल्या एका लांबट, गोड आंब्यालाही 'हिंदी'च म्हणतात. दोघंही आपल्याच बाजूने समुद्र ओलांडून आलेले. एकाला लोकांनी खत घातलं, दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडली. कावळ्याने ते मनाला लावून घेतलं असेल तर तसं दिसत नाही. तो आंबा अख्खा खात नाही. एका फळाला चोच मारतो, चव घेतो, पुढच्यावर जातो. लग्नघरी बोलावणं नसलेला आचारी जसा प्रत्येक पातेल्यात बोट घालत फिरतो, तसा.

तेव्हा उस्ता बंदूक घ्यायला अम्म गिर्गिसच्या दुकानात गेला. गिर्गिसकडे मासेमारीचे गळ, टॉर्च आणि छर्‍याच्या बंदुका मिळायच्या. गिऱ्हाईक जे मागेल त्याच्या विरुद्ध सल्ला द्यायचा, हा त्याचा जुना स्वभाव. त्यामुळे त्याचा खरा सल्लाही कोणी मनावर घेत नसे.

"कावळ्यासाठी हवी," उस्ता म्हणाला. "साडेचार मिलिमीटरची दे. वेग जास्त असतो म्हणतात."

"कावळ्याला साडेपाच. साडेचार चिमण्यांना."

"आणि मी साडेपाच मागितली असती तर?"

"तर साडेचार सांगितली असती. पण आज खरं सांगतोय."

उस्ता यंत्राचा माणूस. सांगोवांगीवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हे. त्याने दुकानामागच्या अंगणात इंजिन तेलाचा रिकामा डबा भिंतीशी ठेवायला लावला. साडेपाचच्या छर्‍याने डब्याचा पुढचा पत्रा फाडला, मागच्या पत्र्याला नुसतं टेंगूळ आणलं. मग साडेचारच्या बंदुकीत टोकदार छर्रा घालून झाडला, तो दोन्ही पत्रे फोडून आरपार गेला.

"बघ!" उस्ता म्हणाला.

"कावळा म्हणजे तेलाचा डबा नव्हे, उस्ता. आरपार गेला म्हणजे त्याचा जोर बाहेर पडला. तो आत राहायला हवा."

"तू कधीतरी इंजिन उघडलंयस?"

"नाही."

"मग गप्प बस."

जन्मभर पत्रा, पिस्टन आणि पाइप यांच्याशी व्यवहार केलेला माणूसच अशी चूक करू शकतो. ज्याने कधी डबाही फोडला नसता, त्याने मुकाट्याने साडेपाच घेतली असती.

जूनच्या अखेरीस उवैस जातीच्या आंब्यांना पाड लागायला आला तेव्हा उस्ताने पहिला बार काढला. नेम चुकला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. टोकदार छर्रा कावळ्याच्या पंखातून सुईसारखा गेला आणि मागच्या आंब्यात घुसला. कावळा मेला नाही. फडफडत, किंचाळत कुंपणावरून शेजारच्या हाज शिहाताच्या कोंबड्यांत पडला आणि तिथे बराच वेळ ओरडत राहिला. आंब्याच्या भोकातून चीक वाहिला, दुसऱ्या दिवसापर्यंत फळावर काळा ओघळ आला. उस्ता शिहाताकडे गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने कावळ्याची मान मुरगळली.

पण तोवर सगळ्या सुरूंवरचे कावळे खाली आले होते. त्यांनी उस्ताचं तोंड नीट पाहून घेतलं.

त्यानंतर जे झालं त्यावर इस्माइलियाबाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. उस्ता कॅफेत निघाला की डोक्यावर कावळे. न्हाव्याकडे गेला की समोरच्या तारेवर रांग. शुक्रवारच्या नमाजाला चपला काढत असताना एकाने टाळूवर टोच मारली, तेव्हा इमामसाहेबांनी प्रवचनात सृष्टीतल्या जिवांवर दया करण्याचा विषय घेतला आणि उस्ताकडे बघण्याचं कटाक्षाने टाळलं.

कॅफेत डॉमिनो खेळणाऱ्यांची तर चंगळ झाली.

"उठा रे, उस्ताची वरात आली!"

"उस्ता, त्यांना पण चहा सांग. पाहुणे आहेत तुझे."

हाज शिहाताने जरा मनापासून सांगितलं, "ऐक माझं. कावळा तोंड ओळखतो. बागेत जाताना वहिनींचा काळा अबाया घाल, तोंडावरून ओढणी घे. बायकांना ते भीत नाहीत. जवळ येतील, मग हाण."

पलीकडच्या टेबलावर हुक्का ओढत बसलेला फंगरी म्हणाला, "आणि ओठ रंगवायला विसरू नकोस. आंबे घ्यायला मी येतोच, बाईमाणसाशी गोडीने बोलेन."

सगळे हसले. उस्ताने हातातला डॉमिनो टेबलावर ठेवला.

"माझी बाग आहे," तो म्हणाला. "माझ्या बागेत मी तोंड लपवून शिरू? चोर ते आहेत. आणि चोर," त्याने हुक्क्याकडे बोट केलं, "दोन पायांचेही असतात. मारायचं असेल तर तोंड दाखवून मारीन. मागून, बाईच्या कपड्यात नाही."

"कावळ्याशी कसली रे मर्दानगी?" शिहाता पुटपुटला.

"ज्याच्याशी भांडण, त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी तो साडेचारची बंदूक घेऊन गिर्गिसकडे गेला आणि ती काउंटरच्या काचेवर ठेवली.

"साडेपाच?" गिर्गिसने विचारलं.

"बोलायचं काम नाही. बदलून दे."

"साडेचारही वाईट नसते, हं, नेम डोक्यावर..."

"गिर्गिस!"

छर्रे मात्र त्याने या वेळी डबा फोडून निवडले नाहीत. तीन प्रकारचे घरी आणले. बागेच्या टोकाला कालव्याच्या मातीचा बांध होता, त्याला कागद टोचला आणि पंचवीस पावलांवर स्टूल मांडलं. चपट्या डोक्याचे छर्रे जवळून छान बसत, लांबून भरकटत. जड छर्‍यांना ही स्प्रिंगची बंदूक पुरी पडेना, ते कागदाच्या खालच्या कडेला जाऊन लागत. गोल डोक्याचे, मध्यम वजनाचे छर्रे एकमेकांच्या शेजारी, बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत बसले. मग त्याने त्यातला एकेक छर्रा आरशावर घरंगळवून पाहिला. ज्याचा घेर चेपलेला असेल तो वाकडा जायचा. तो बाजूला.

"सफाचे बाबा, माझा आरसा!" त्याची बायको इन्शिराह स्वयंपाकघरातून ओरडली.

"देतो."

"केस विंचरायचेत मला."

"कावळ्यांना दाखवायला?"

"तुमच्याकडे बघायला आणखी कोण येतं हल्ली?"

कावळे त्याच्याजवळ यायला भीत नव्हते, उलट शिव्या घालायला हौसेने येत. त्यांतला एक थोराड कावळा पंपाच्या खांबावर बसून इतरांना चिथवायचा. अडचण वेगळी होती. खांबामागे उवैसचं लगडलेलं झाड होतं. चुकला तर पुन्हा आंबा फुटणार. उस्ता उघड्या तोंडाने, बंदूक मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिला. तो थोराड कावळा खांबावर यायचा, कुंपणावर जायचा, पुन्हा खांबावर. उस्ता हलला नाही. सकाळ गेली. इन्शिराहने बाकल्याची उसळ आणि भाकरी आणून दिली, ती त्याने एका हाताने खाल्ली.

दुपारी कावळा एकदाचा बांधावर उतरला. मागे नुसती माती. उस्ताने बंदूक उचलली, मुद्दाम सावकाश. कावळ्याने त्याच्याकडे पाहिलं. बार निघाला आणि कावळा आहे त्या जागी बसल्यासारखा खाली आला. पंखसुद्धा हलला नाही. छर्रा त्याच्या अंगातून बाहेर पडला नव्हता.

सुरूंवर एकदम शांतता झाली. मग असा कल्लोळ उठला की पलीकडच्या शाळेतून मास्तर बघायला बाहेर आले.

उस्ताने तो कावळा खांबाला उलटा टांगला आणि त्याच्याखाली स्टूल मांडून बसला, म्हणजे हे कोणी केलं याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको. त्या दिवसापासून कावळे बागेत उतरले नाहीत. सुरूंवर बसून बोंबलायचे, पण खाली येत नसत.

मात्र उस्ता उठला की येत. तो नमाजाला गेला तेवढ्या वेळात दोन झाडांचे आंबे टोचले गेले. त्याने आपला झब्बा काठीवर चढवून उभा केला, तर एक कावळा त्याच्या खांद्यावरच बसला.

"मी बसते, तुम्ही जाऊन या," इन्शिराह म्हणाली आणि बंदूक घेऊन स्टुलावर बसली. कावळे तिच्यासमोर उतरले, तिच्यासमोर आंबा फोडला आणि तिच्याकडे बघत खाल्ला.

"त्यांना तुमचंच तोंड हवंय," तिने नवऱ्याला सांगितलं. "मला आयुष्यभर सहन करावं लागलं, आता त्यांची पाळी."

म्हणजे प्रश्न मिटला होता, फक्त उस्ताला सुटका नव्हती. बंदूक भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने पुन्हा बार काढला नाही, काढायची गरजही पडली नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तो बागेत बसून राहायचा. कॅफे सुटला. पोर्ट सईदला भाच्याचं लग्न झालं, तो गेला नाही. बहिणीने फोनवर आधी रडून आणि मग शिव्या देऊन पाहिलं.

"आंबे उतरले की येतो," उस्ता म्हणाला.

"तोवर त्यांना पोर होईल!"

"मग दोघांना एकदम बघीन."

जुलै संपताना मुअल्लिम फंगरी आला. बोलावलं कोणी नव्हतं. फाटकातून आत येता येता त्याची चाल मंदावली. हिंदीचं झाड फळांनी वाकलं होतं, आणि या खेपेला फंगरी झाडाकडे बराच वेळ बघत राहिला.

"लोक म्हणतात, उस्ताचं बुजगावणं झालंय."

"बरोबर म्हणतात."

"कॅफेत नाही, मशिदीत नाही, भाच्याच्या लग्नात नाही. बाग मला दिली असतीस तर उन्हाळाभर मोकळा असतास."

"गेल्या वर्षी होतो की मोकळा. इथे मोकळा बसून तुझ्या माणसांनी मोडलेली फांदी मोजत होतो."

फंगरीने घसा साफ केला. "बरं, झालं गेलं. उतरवलेला माल तरी देशील?"

"बाजारात आणीन. तिथे ये, बाकीच्यांसारखा उभा राहा, वास घे, भाव कर."

"मी? रांगेत?"

"का? पाय दुखतात? मग आता बस जरा. झेला घेऊन येतो."

उस्ता घरात गेला. फंगरी स्टुलावर बसला, खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं. एक कावळा उतरला. मग चार. मग सुरूची रांगच जणू झाडांवर आली. फंगरी हात हलवून 'हूश्, हूश्' करू लागला. कावळ्यांनी त्याच्याकडे, एखाद्या सरकारी पाटीकडे बघावं तसं एकदाच पाहिलं. एकाने त्याच्या डोक्याच्या वीतभर वरचा आंबा फोडला, रस त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकला.

"उस्ता! अरे उस्ता, लवकर ये!"

लांब काठीचा, जाळीचा झेला खांद्यावर टाकून उस्ता दारात आला. कावळे उडाले ते थेट सुरूंच्या शेंड्यांवर. बागेत एक पान हललं नाही. फंगरी उभा राहिला, सदऱ्याकडे बघितलं, आणि बाजार किती वाजता भरतो ते त्याने विचारलं. बाजार तो तीस वर्षं चालवत होता.

उस्ता हिंदीच्या झाडाखाली गेला. वर ओरडा सुरू झाला होता. त्याने उन्हाची टोपी काढून खिशात ठेवली, म्हणजे ओळखायला कोणाला अडचण नको, तोंड वर केलं, आणि पहिला आंबा झेल्यात घेतला.