विरजणाची वाटी

वरच्या क्वार्टरमध्ये सुधा किंचाळली आणि जिन्यात रॉकेलचा वास आला. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतली रविवारची दुपार होती, सगळे घरी होते, पण कुणी दार उघडलं नाही. मी वाटी घेऊन वर गेले आणि दार बडवलं.

तिच्या नवऱ्याने जरासं दार उघडलं. मी फटीत पाय घातला.

"विरजण हवंय."

"नंतर या, वहिनी."

"दूध कोमट झालंय, आत्ताच हवं. सुधा, तूच आणून दे गं."

शेजारणीपुढे त्याला नाही म्हणता येईना. ती आली, साडी रॉकेलने भिजलेली. मी तिचं मनगट धरलं आणि खाली ओढत नेलं.

तेव्हा लोक मला धीट म्हणाले. आता आठवतं ते वेगळंच. त्याआधी महिनाभर तिचं रडणं ऐकू आलं की मी रेडिओ मोठा करायचे.

सुधा जगली. राजधानीतच, द्वारका उपनगरात मुलीकडे असते.