मी सुधारलेली फाईल

बरोबर असलेली फाईल मी सुधारली.

फवारणीच्या ड्रोनचा परवाना हाती येऊन आठवडाही झाला नव्हता. पहिलं उड्डाण गोंदियाजवळच्या मुर्रीत, मामाच्या धानावर. तुडतुडे लागलेले, मामा घाईला आलेला आणि मी त्याच्याहून जास्त. विमानतळाभोवती जिथं परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, त्या हद्दीची फाईल आधी उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. हद्दीत शिरलो तर परवाना गेला, हे प्रशिक्षणात ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

फाईल उघडून पाहिली. प्रत्येक ओळीत आधी ऐंशी, मग एकवीस. आता, शाळेत भूगोलात मी पहिला. आधी अक्षांश, मग रेखांश, आणि गोंदिया एकविसाव्या अक्षांशावर, हे मला कोण शिकवणार? ‘कोण्या अडाण्यानं बनवली ही?’ म्हणत मी एकूण एक ओळीतले आकडे उलटे केले. मान अवघडली, पण फाईल पहिल्या झटक्यात चढली. नकाशावर कुडव्यापासून तिरोड्यापर्यंत बंदीचा लाल ठिपकासुद्धा नाही! मी खुर्चीवरून उठून नाचलोच. मामाला फोन लावला, “सगळं आकाश मोकळं आहे, निघालोच!”

बांधावर ड्रोनचे पंख उघडले, टाकीत औषध भरलं. मामीनं हौसेनं टॅबलेट हातात घेतला आणि बोटांनी नकाशा लहान लहान करत गेली. गोंदिया गेलं, भारत गेला.

“बापू, हा लाल गोल कायचा?”

“कुठं?”

“हा काय, पार वरते. बर्फात.”

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात आमचा विमानतळ तरंगत होता. त्या फाईलीत रेखांशच आधी लिहायचा असतो. मूळ फाईल चढवली. लाल गोल धपकन गोंदियावर येऊन बसला, मामाच्या निम्म्या बांध्या, धानाची खाचरं, पोटात घेऊन. ज्यांपासून मी सुरुवात करणार होतो, नेमक्या त्याच.

परवाना वाचला! मी बांधावरच मामीच्या पाया पडलो. गोलाबाहेरच्या बांध्यांवर ड्रोन उठला, धानाची पाती लवली, औषधाचा फवारा उन्हात चमकला आणि मी लहान पोरासारखा ओरडलो, “मामा, पाह्यलं का, कसा उडून राहिला!”

मामा उरलेल्या बांध्यांसाठी पाठीवर जुना पंप चढवत होता.

“पाह्यलं,” तो म्हणाला. “ड्रोन बरा हाये. परवाना तुह्या मामीले द्याचा होता.”