पलीकडे कोण आहे, ते आधी बघ

रफिक गेला असा मेसेज आला आणि मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

नंबर अनोळखी. मी विचारलं, "आपण कोण?"
उत्तर आलं, "त्याचा भाऊ."

असं काय, कुणीही म्हणेल.
ही संशयाची खोड मला रफिकनेच लावली.

२००९च्या आसपासची गोष्ट. शिक्रापूरला आप्पांचं पत्र्याचे पार्ट बनवणारं वर्कशॉप होतं. मी पाबळची, रफिक तळेगाव ढमढेऱ्याचा. तिथले कॉम्प्युटर आम्ही दोघं सांभाळायचो.

दौंडकडच्या एका कारखान्याच्या सर्व्हरवरून रोज सकाळी ऑर्डरची एक्सएमएल फाइल यायची. आज कुठला पार्ट, किती नग. रफिकचा पायथन भाषेतला प्रोग्राम ती सुरक्षित कनेक्शनवरून आणायचा, वाचायचा आणि ऑर्डर छापून द्यायचा. सगळं पायथनसोबतच मिळणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतलं. बाहेरचं काही घ्यायला तो तयारच नसे.
"कुणी लिवलंय काय ठावं," म्हणायचा.

मग एकदा दौंडहून आमच्या गाड्या परत यायला लागल्या. हा माल आम्ही मागवलाच नाही, म्हणे.

आप्पांनी मला बाजूला घेतलं.
"आकडं कोन बदलतंय? मशीनवर त्यो रफिकच बसतो ना? कुणाला सामील हाय का, बघ जरा."
"आप्पा, इतकी वर्षं ओळखता त्याला!"
"वळखीचाच मानूस दगा देतो."

हे रफिकच्या कानावर गेलं. तो डबा न उघडता दिवसभर कोड वाचत बसला. मग मला हाक मारली.

"मंगल, हे बघ. कनेक्शनला लॉक हाय. फाइल नीट वाचता येती. एरर न्हाई. पण पलीकडं कोन बसलंय, हे आपल्या प्रोग्रामनं कवा इचारलंच न्हाई."

खरंच होतं. तेव्हा पायथन आपणहून पलीकडच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तपासत नसे. सांगाल तरच तपासणार.

त्याने प्रोग्रामला तपासायला सांगितलं. प्रोग्राम जागीच थांबला. पलीकडच्याने आपलं सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला देऊन टाकलं होतं!

आप्पा भडकले.
"काल चालत व्हतं, आज बंद? पुरावा मिटवतो व्हय रे?"

खोटी ऑर्डर देणारा प्रोग्राम यांना चालत होता, थांबून विचारणारा नको होता. मला इतका राग आला होता त्या दिवशी.

रफिक मात्र शांत.
"आप्पा, माझ्यावर भरवसा ठिवू नका. तिथं तुमच्या वळखीचं कोन हाय?"

आप्पांचे साडू कारखान्याच्या गेटवर होते. फोन लावला. साडूंनी आत जाऊन त्या दिवसाची ऑर्डर वाचून दाखवली.
आमच्याशी एक ओळ जुळेना.

मग उलगडा झाला. महिन्यापूर्वी इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने चाचणीसाठी आमच्या मशीनवर कारखान्याच्या नावापुढे त्यांच्याच टेस्ट सर्व्हरचा पत्ता टाकला होता. काढायचा राहून गेला. तिथल्या नमुन्याच्या ऑर्डरी आम्ही खऱ्या धरून माल पाठवत होतो.

आप्पांनी चहा मागवला. माफी नाही, चहा.
रफिक प्यायला. बाहेर हायवेवर आल्यावर त्याचे डोळे भरले.
"मला सरळ इचारायचं व्हतं गं. मी सांगितलं असतं."

तर आज.
त्याच्या वडिलांचा, चाचांचा नंबर माझ्याकडे होता. रफिकनेच कधीतरी दिलेला. लावला.

"कोन?"
"चाचा, मी मंगल. पाबळची."
"रफिकसंगं कामाला कुठं व्हतीस?"
"शिक्रापूरला. आप्पांकडं."

बापही तसाच. आधी खात्री.

"व्हय पोरी. खरं हाय. गेला आपला रफिक."

इतकी वर्षं पलीकडचा खरा निघावा म्हणून तपासत आले. आज पहिल्यांदा वाटत होतं, खोटा निघू दे.

रफिक, खात्री करूनच लिहिते आहे.
भावपूर्ण श्रद्धांजली, मित्रा.