ओपांच्या लॉजचा इतिहास

गुपित राखणारा इतका बडबड्या माणूस मी दुसरा पाहिला नाही. नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आमच्या शेजारी राहणारे ओपा फ्रीमेसन, म्हणजे एका जुन्या गुप्त बंधुसंघाचे सभासद होते. ओपा म्हणजे डचमध्ये आजोबा. आमच्या मुलीने तशी हाक मारली आणि मग आम्हीही. कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या डच बेटावर त्यांचा जन्म, आणि तिथल्या लॉजवर त्यांचा जीव. लॉज म्हणजे राहण्या-जेवण्याचं नव्हे, फ्रीमेसन मंडळींची बंद दाराआड जमायची जागा. आत काय चालतं, असं विचारलं की ओपा गोड हसत. "ते नाही सांगता येत. नंतर जेवायला काय होतं, ते सांगतो." मग बोकडाच्या रश्शापासून जी गाडी सुटे, ती दोनशे वर्षं मागे जाऊनच थांबे.

कोरोनात माझं ऑफिस घरात आलं आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो. कचरा टाकायला बाहेर पडलो की कुंपणापलीकडे ओपा खुर्ची टाकून हजर. दीड मीटरचा नियम ते कसोशीने पाळत, घड्याळाचा मात्र कुठलाच नाही. लॉज साखरेच्या जहाजांच्या कप्तानांनी काढली. एकाने देणगी म्हणून घंटा दिली, ती दारातून आत जाईना.

"मग परत केली?"

"छे, दार मोठं केलं. देणगीदार रुसला असता ना."

मी घरात शिरलो की बायको, प्रज्ञा, विचारी, "आज कुठलं शतक?"

लॉजच्या सभांना ओपा आता व्हिडिओवरून बसत. त्यासाठी काळा सूट घालत, बुटांना पॉलिश करत. कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसता, बूट कशाला, असं मी म्हटलं. "पायात बूट नसले की माझा आवाज मऊ पडतो," ओपा म्हणाले.

लॉजचा मोठा वर्धापनदिन आला आणि इतिहास सांगायचं काम अर्थातच ओपांकडे आलं. पण त्या आठवड्यात कुंपणापाशी ते गप्पच होते. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "माझा आजोबा त्या लॉजचा पहारेकरी. जन्मभर दाराबाहेर उभा राहिला. काळ्या माणसाला तेव्हा आत जागा नव्हती. आमच्या इतिहासात कप्तान आहेत, घंटा आहे, तो नाही. या वेळी मला त्याचं नाव घ्यायचंय. तिकडची जुनी मंडळी म्हणतात, आनंदाच्या दिवशी कशाला?"

मला राहवलं नाही. "ओपा, विदर्भातल्या आमच्या गावात माझ्या पणजोबांना देवळाची पायरी चढू देत नसत. आम्ही आता बौद्ध आहोत. पण त्यांची गोष्ट आमच्याकडे बारशाला सांगतात, लग्नातही सांगतात. जेवण अजून कुणाला कडू लागलेलं नाही."

"लग्नात?"

"आधी सांगतात, मग वाढतात."

ओपा मान डोलावत खुर्ची उचलून आत गेले.

पुढे विमानं सुरू झाली, ओपा बेटावर परतले आणि तिथेच वारले. बातमी आली तेव्हा मी रडलो. तरी मला ते आठवतात ते वर्धापनदिनाच्या त्या शनिवारचेच. सभा चालू असताना दाराबाहेर पहाऱ्याला कुणीतरी हवंच, असा लॉजचा रिवाज. ओपांनी तो मान मला दिला. मी जाकीट, कानटोपी, हातमोजे अशा थाटात त्यांच्या पायरीवर उभा. प्रज्ञा खिडकीतून फोटो काढत होती. कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या आणि आत कुणी आजारी आहे का, म्हणून विचारू लागल्या. "नाही, आत इतिहास चाललाय," मी म्हणालो. त्या घाईघाईने पुढे गेल्या.

आतून ओपांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग एकदम शांत झालं. मला धास्ती वाटली. म्हाताऱ्याला त्यांनी गप्प तर केलं नसेल?

दार उघडलं. ओपांचे डोळे भरले होते. "मी त्याचं नाव घेतलं. सगळे उठून उभे राहिले." मग मला म्हणाले, "ते विचारताहेत, आज दारावर कोण आहे? आत ये. गुपिताचा भाग संपलाय."

मी पडद्यासमोर गेलो. दूर त्या बेटावरच्या लॉजमध्ये, अंतर राखून, मास्क लावलेली पंधरावीस माणसं अजून उभीच होती. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर ओपांनी मला थांबवलं. "तुझं नंतर. आधी पणजोबांचं."

"गणू," मी म्हणालो.

आणि ती सगळी माणसं, आपापल्या उच्चारात, एका सुरात म्हणाली, "गणू."