बोटीवरच्या टॉयलेटचे तीन तज्ज्ञ

मंडळी, रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी एक जुनी हाउसबोट घेतलीय. उन्हाळाभर तळ्यावर राहायचं म्हणे. तिच्यात टॉयलेट कुठलं बसवायचं हे ठरवायला आज दुपारी ह्यांचे दोन मित्र इथे अमेरिकेत, ट्रॉयला आमच्याकडे आले होते. तिघेही इंजिनिअर.

भुसा घालून खत करणारं कंपोस्टिंग टॉयलेट घ्यायचं, की खालचा डबा काढून रिकामा करायचा असतो ते, यावर चहावर चहा झाला. भुसा किती घालायचा, वास का येत नाही, सगळं व्हिडिओ बघून पाठ. घरचा कमोड जन्मात कधी घासला नाही, पण आव असा की टॉयलेटचा शोध यांनीच लावला!

मी एवढंच विचारलं, "भरलेला डबा रिकामा कोण करणार?"

मित्रांपैकी कुलकर्णी म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटांचं तर काम आहे."

"मग तुम्ही याल करायला?"

त्यांनी आणखी एक चहा मागितला. हे हळूच म्हणाले, "अगं, आपण करू ना."

आमच्या घरात 'आपण' म्हणजे मी. मी सरळ सांगितलं, "डबा तुम्ही उचलणार असाल, तरच मी बोटीवर पाय ठेवीन."

आत्ता हे बोट विकायची जाहिरात टाइप करतायत.

मैत्रिणींनो, तुमच्याकडचे 'आपण' कोण?