भाऊजींच्या कॉफी मशीनचा पत्रा

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. ठिकाण: अकोला, माझ्या मोठ्या बहिणीचं स्वयंपाकघर. हजर: १) मी सुमन, राहणार अमरावती. २) ताई. ३) माझे मिस्टर, वीज खात्यातून निवृत्त. चौथं कोणी नव्हतं.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आवडीने वाचते, पण विश्वास म्हणाल तर शून्य. दार आपोआप उघडलं? कडी सैल असेल. पावलं वाजली? मांजर. आता माझा अनुभव लिहिते, चूक तुम्ही शोधा. मी शोधून थकले.

भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, सव्वा वर्षापूर्वी गेले. मुलीने बंगळुरूहून आणून दिलेल्या एस्प्रेसो मशीनवर त्यांचा फार जीव. चारची कॉफी ते स्वतः करत. साडेतीनला मशीन लावायचे आणि त्याच्या डोक्यावरच्या स्टीलच्या पत्र्यावर दोन कप उपडे ठेवायचे. आतल्या बॉयलरने पत्रा तापतो, पत्र्याने कप. "थंड्या कपात कॉफी मरते," हे त्यांचं म्हणणं. ताई चिडवायची, "तुमचे कप शेकेपर्यंत माह्या पोळ्या होतात!"

ते गेले त्याच महिन्यात मशीन बंद पडलं. पंप घरघर करायचा, पाणी येत नव्हतं. ताईने कॉफीच सोडली. चार वाजले की ती अंगणात जाऊन बसायची. आणि या रविवारच्या दोन दिवस आधी फोनवर म्हणाली, "सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला. देऊन टाकाचं ते डबडं."

मी ताईला ओळखते. रागात देऊन टाकलेल्या वस्तूसाठी ती नंतर वर्षभर रडते. म्हणून रविवारीच गाडी काढली.

"काहून उघडून राह्यली वं सुमे? मेलं ते."

"मेलं की नाही ते उघडल्यावर ठरेल. तू पेपर अंथर."

मी चौदा कामांची यादी केली होती. प्लग लावलाच नाही – आधी उघडायचं, वीज शेवटी, हा यांचा नियम. वरचा पत्रा स्क्रू काढून वेगळा केला, ओट्यावर ठेवला. बॉयलर काढला... आणि रोग सापडला. अकोल्यात नळ चार-पाच दिवसांनी येतो. ते पाणी प्यायला राखून भाऊजी मशीनमध्ये बोअरचं खारं पाणी भरत. आत क्षारांचा थर, खडूसारखा. बॉयलर सायट्रिक अ‍ॅसिडच्या गार पाण्यात, गंजात म्हणजे मोठ्या पातेल्यात बुडवला. गंज बाहेर मोरीत.

तीन पस्तीस. ताई ओटा पुसायला आली, पत्र्याला हात लागला आणि तिने झटकन मागे घेतला.

"अवं, पोळलं न मले!"

मी हात लावला. खरंच गरम. यांनीही लावला. मग मी गाडीतून, कोरोनात घेतलेलं, लांबून माणसाचं आणि वस्तूचंही तापमान मोजायचं यंत्र आणलं. ओटा २२. शेजारचा डबा २३. पत्रा ५१. पाच मिनिटांनी पुन्हा ५१. आणखी पाच मिनिटांनीही ५१... तापलेला पत्रा निवायला हवा ना? निवत नव्हता.

ऊन? खिडकी उत्तरेची. शेगडी? दीडपासून बंद आणि चार फूट लांब. यांनी मेन स्विच पाडला. फडक्यात धरून पत्रा जेवणाच्या टेबलावर नेला. तरी ५१.

"अशक्य आहे," हे म्हणाले, आणि नुसत्या पत्र्याला टेस्टर लावून पाहिला.

 ताईने कपाटातून दोन कप काढले, पदराने पुसले, पत्र्यावर उपडे ठेवले. मग हळूच म्हणाली, "जरा दम धरा न. सुमी करून राह्यली. अन् हे झालं तुमच्याच खाऱ्या पाण्यानं, मी सांगून सांगून थकली."

चार वाजून दहा मिनिटांनी पत्रा २३ वर आला. कप अजून कोमट होते.

सहाला मशीन जोडून झालं. विकतच्या कॅनचं पाणी भरलं, चालू केलं. पहिला कप ताईला दिला. तिने सव्वा वर्षाने कॉफी प्यायली. "कडूच आहे," म्हणाली, "त्याईच्यासारखी." आणि दुसरा कप मागितला. सोमवारी भंगारवाल्याला फक्त रद्दी मिळाली.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. म्हणाली, यंत्र बिघडलं असेल. मग आमचे तिघांचे हात? "मग परत मोज," म्हणाली.

एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं, हे मलाही कळतं. म्हणून यादीत पंधरावं काम लिहिलं: मशीन परत उघडणे, पत्रा वेगळा काढून साडेतीन ते सव्वाचार मोजणे. त्यासाठी दोनदा अकोल्याला जाऊन आले, स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये. दोन्ही वेळा ताई मशीनपुढे उभी राहिली – "हात तं लावून पाह्य!" – आणि मी कॉफी पिऊन परत आले.

चौदा कामांवर खूण आहे. पंधरावं बाकी आहे.